दादाची बुद्धीची चाचणी

वडील भिगवणला मासळीच्या आडतीवर बर्फ फोडायचे. आई डाळजच्या शिवारात दुसऱ्यांचे कांदे काढायची. दोघांच्या हातावर घर चालायचं, तेही कुणी आजारी पडलं नाही तरच. दहावीनंतर दादा वडिलांबरोबर आडतीवर क्रेट उचलायला लागला आणि त्याच्या जिवावर मी बारामतीला कॉलेजात गेले. घरात सगळ्यांच्याच कपड्यांना मासळीचा वास, माझेही कितीही धुतले तरी जायचा नाही. एसटीत शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावायची. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

दादाचा खरा जीव कबड्डीत. तो डाव्या कोपऱ्याचा गडी. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात आला की पंचाची शिट्टी होईपर्यंत सुटायचा नाही. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत पुण्याकडच्या एका कारखान्यानं आपल्या संघासाठी बारामतीत निवड ठेवली. निवड झाली की नोकरी पक्की. मैदानात दादानं भल्याभल्यांना लोळवलं. मग सगळ्यांना एका वर्गात बसवून पेपर दिला. बुद्धीची चाचणी! खेळाडूचं डोकं किती चालतं ते म्हणे त्यावरून कळतं.

दादा त्यात नापास झाला.

दुसऱ्या दिवशी आडतीवरचे हमाल त्याचीच वाट बघत होते. "बर्फात ठिवा रं ह्याचं डोकं, नासाय लागलंय!" दादाही हसला म्हणे. घरी मात्र जेवताना मान वर करेना.

"पेपर लई अवघड होता का रे?" मी विचारलं.

"कुणाला ठावं? चौथ्याच प्रश्नाला घंटा झाली."

"अरे, मग पुढं का गेला नाहीस?"

"सुटत नव्हता त्यो."

"मग सोडून द्यायचा!"

"हातात आलेला पाय सोडायचा असतोय व्हय गं?"

आईला हसू आवरेना. मला मात्र धडकी भरली. वयाच्या अटीत तो आता एकदाच बसणार होता, पुढच्या वर्षी. नंतर जन्मभर क्रेट.

मग मी रोज संध्याकाळी त्याला कोडी घालायला लागले. आकड्यांची, आकृत्यांची, असली सगळी. वेळ संपली की आई ताटावर पळी वाजवायची. पळी वाजायची तेव्हा दादा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या कोड्याला मिठी मारून बसलेला. "सुटंल की, जरा दम धर." मी ओरडायचे, तो रुसायचा, आई दोघांना भाकरी वाढायची.

एकदा मीच वैतागले. "दादा, तू कोपऱ्यातून खेळतोयस. हा पेपर म्हणजे चढाई हाय. दम हाय तवर जेवढे शिवतील तेवढे शिवायचे. एकालाच धरून बसलास तर तूच बाद."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "आणि ऱ्हायलेले?"

"दम उरला तर परत वळायचं त्यांच्याकडं."

"असं आधी सांगायचं न्हाय व्हय, मास्तरीणबाई!"

त्या दिवसापासून तो ओठांतल्या ओठांत कबड्डी-कबड्डी म्हणत कोडी सोडवायला लागला. अडलं की जीभ चावायचा आणि पुढं सरकायचा.

पुढच्या वर्षी पेपर चालू असताना मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. आतून आवाज आला, "ए, मागच्या बाकावरचा! काय पुटपुटतोयस? तोंड बंद!" पोरं खिदळली. तोंड बंद झालं की हा परत एखाद्या प्रश्नाला मिठी मारणार.

घंटा झाली. दादा घामानं निथळत बाहेर आला.

"किती सोडवलेस?"

"मोजलं न्हाय. मनातल्या मनात कबड्डी चालूच ठिवली, पर चार-पाच जणांना हातातनं जाऊ दिलं बघ. लई जीव तुटला."

दुपारी कारखान्याच्या प्रशिक्षकांनी मैदानात उभं राहून निवडलेल्यांची नावं पुकारली. दादाचं नाव आलं, तेव्हा तो पाणी प्यायला गेला होता. मीच ओरडून 'हजर' म्हणाले.

दादा कारखान्यात लागला आणि पुढं कायम झाला. वर्षभरात वडिलांचं बर्फ फोडणं बंद झालं. माझं कॉलेज एक दिवसही अडलं नाही. मी बी.ए. झाले. आईकडून बघा नाहीतर वडिलांकडून, आमच्या माणसांत ती पहिली पदवी.