हवेतलं कार्ड

रॉय हापालाला स्वतःचं कोण कौतुक! नेटवर्कचं कार्ड विकत आणायचं, यंत्रात बसवायचं, हे म्हणे अडाण्यांचं काम. हा लिनक्सवर एक ओळ टंकायचा की हवेतलं कार्ड तयार. हात लावता येत नाही, पण पत्ता घेतं, निरोप पोचवतं. अमेरिकेतल्या डुलूथ शहरातल्या कचेरीत बसून तो सुपीरिअर सरोवरातल्या एका बेटावरच्या वृद्धाश्रमाचं यंत्र चालवी. तिथले फोनही त्याच यंत्रातून. आणि त्याच आश्रमात त्याची आई, एल्मा.

"एकदा येऊन जा रे," ती दर रविवारी फोनवर म्हणायची.

"अगं, मी तिथेच असतो की! नेटवर्कवर." असा हा दीडशहाणा.

जानेवारीत त्याला लहर आली. हवेतल्या सगळ्या कार्डांना जोडणारा एक पूल बनवायचा, तोही हवेतलाच, आणि यंत्राचं खरं कार्ड त्याला जुंपायचं.

शेजारच्या टेबलावरची डोलोरेस म्हणाली, "अरे, आधी दहा मिनिटांनी जुनी मांडणी आपोआप परत येईल असं लावून ठेव. सगळेच ठेवतात."

"ते शिकाऊंनी ठेवावं."

वा रे पठ्ठ्या! खरं कार्ड पुलाला जुंपलं की त्याचा पत्ता पुलाला द्यावा लागतो. हा नेमका तेवढंच विसरला, वर मांडणी पक्कीही करून टाकली. पडदा गोठला. आता सुधारणार कसा? याचं यंत्राशी बोलणंच त्या कार्डातून चाललं होतं. तिथल्या कुणी यंत्र बंद करून चालू केलं तरी तेच होणार. आश्रमाचे फोन मुके.

"बरी खोड मोडली," डोलोरेस म्हणाली. "आता जावंच लागेल. आईला तरी भेटशील."

सरोवरावरचा बर्फ कच्चा, बोट बंद. पंख्याच्या जोरावर बर्फावरून पळणाऱ्या घसरगाडीने जायचं ठरलं. गाडीवाल्याने सकाळच्या फेरीत आश्रमात सांगितलं, "एल्माबाई, तुमचा लेक येतोय." म्हातारीने लगबगीने वेलदोड्याचा गोड पाव भाजायला घेतला.

रॉय आला, थेट तळघरात उतरला, एक ओळ टंकली, फोन सुरू झाले. गाडी परत निघायच्या बेतात होती, पुढची संध्याकाळी. एवढा वेळ कोण थांबतो! हा तसाच गाडीत चढला. पलीकडच्या किनाऱ्याला लागताच त्याने फोन लावला.

"आई, आला ना फोन? बसल्या जागेवरून दुरुस्त केला बघ!"

"हो रे बाळा, स्वच्छ ऐकू येतंय," एल्मा म्हणाली. "मघाशी खिडकीतून तुझी लाल टोपीही दिसली. पाव झाकून ठेवलाय."