दोन लेन्सचा कॅमेरा

रविवारी पहाटे खाडीवरून गार वारा येत होता आणि मी आमच्या अंगणात, गाडीच्या काचेवर बसवलेला कॅमेरा पुन्हा पुन्हा हलवून बघत होते... सुटत तर नाही ना?

त्या दिवशी घाटावरच्या एका ट्रॅकवर जायचं होतं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. बंद रस्त्यावर आपलीच गाडी, हेल्मेट घालून, शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली जोरात चालवायची. मागे एकदा मी जाऊन आले, तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

शेवटी तिने अट घातली. "तू तिथं काय करतंस, ता मना बघूं दे. मंग सांगीन, परत जायाचा का न्हाय."

मी कमावती आहे, न विचारता गेले असते तरी कोणी अडवलं नसतं. पण आईच्या मनाविरुद्ध गेले, तर ब्रेकवर पाय ठेवतानाही तेच आठवत राहणार... मला नाही जमत तसं.

गाडी मला बाबांनी शिकवली, मिठागराच्या कच्च्या रस्त्यावर. आमचा ट्रकचा धंदा. शाळेत जायच्या आधीची अक्षरंसुद्धा मी बाबांच्या शेजारी बसून, पुढच्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं वाचत शिकले.

तर कॅमेरा. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. अ‍ॅक्शन कॅमेरा घ्यावा तर तो आमच्याकडच्या उन्हात, बंद गाडीत तापून बंद पडतो म्हणे. शिवाय त्याचं थरथर काढून टाकणारं फीचर गाडीत उलटंच वागतं. रस्ता स्थिर आणि डॅशबोर्ड बोटीसारखा डुलतोय असं दिसतं. आईला तसं दाखवलं असतं तर विषयच संपला असता...

काचेवर लावायचा डॅशकॅम सोपा. पण नुसत्या रबरी कपाने चिकटवलेली वस्तू ट्रॅकवाले चालवून घेत नाहीत. वळणावर सुटून ड्रायव्हरच्या पायाखाली गेली तर? हे वाचल्यापासून मला स्वप्नातही पायाखालचा कॅमेराच दिसत होता.

शेवटी पक्क्या चिकटपट्टीचा डॅशकॅम घेतला आणि आरशाच्या दांड्याला बारीक वायरने बांधूनही टाकला. त्याला दोन लेन्स होत्या. एक रस्त्याकडे, एक आत. आतली मला नकोच होती, गाडी चालवताना स्वतःचं तोंड कोण बघणार? पण बाकी हवं ते सगळं त्याच मॉडेलमध्ये होतं.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. ट्रक असो, नाहीतर मिक्सर. मी हेल्मेट आणि कागदपत्रं आणायला आत गेले, तेवढ्यात आईने बॉनेटला, स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबांनी नारळ फोडला. मी एकटीच निघाले.

ट्रॅकवरचा दिवस नीट गेला. एक वळण मात्र सारखं चुकत होतं, मी घाई करून आधीच वळत होते. घाबरलेली तर मी पूर्ण वेळ होते, निदान मला तसंच वाटत होतं.

संध्याकाळी घरी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. मी कॅमेऱ्यातलं कार्ड टीव्हीला जोडून रस्त्याचा व्हिडिओ लावला...

पडदाभर लाल-पिवळं धुकं! कडेला कुठेतरी एक झाड सरकल्यासारखं दिसत होतं, बस. मला वाटलं कॅमेराच बिघडला. मी तो गाडीतून काढून आणला आणि पहिल्यांदा समोरून बघितला. बाहेरच्या लेन्सवर मधोमध हळद-कुंकवाचं जाड बोट उमटलेलं होतं. आत बसून मला फक्त त्याची पाठ दिसत होती ना.

आई ओशाळली. "देवाला कपालाला लावतान. ह्याला कपाल कुठं हाय? गोल दिसला, तिथं लावला."

बाबा पोट धरून हसत सुटले. "कॅमेऱ्याची हलद केलीस गो तू! आता नवरी बघ त्याला."

मला हसू येईना. वळणं, ब्रेक, झेंडे दाखवणारे मार्शल, आईला पटवण्यासारखं जे जे होतं ते सगळं त्या बोटाखाली गेलं होतं. पुन्हा रेकॉर्ड करायचं तर पुन्हा जायला हवं, आणि तीच तर परवानगी हवी होती...

"दुसरा हाय ना? तो लाव," आई म्हणाली. मी नको नको म्हणत होते, तिने रिमोट स्वतःकडे घेतला.

आणि पडद्यावर मी. हेल्मेटमधलं घामेजलेलं तोंड. पहिल्या फेरीत ओठ घट्ट मिटलेले. मग हळूहळू खांदे खाली आले. मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते, "थांब... थांब... आता."

मागून एक जोरातली गाडी आली, तर मी आरशात बघितलं, हात वर करून तिला पुढे जाऊ दिलं, मान हलवली. मग ते चुकणारं वळण एकदाचं जमलं असावं. कारण मी हसले. एकटीच, कोणाला दाखवायला नाही.

आईने तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा लावला.

घरातून निघाल्यावर अर्ध्या वाटेतून गॅस बघायला परत येणारी मुलगी आहे मी. कोणाला मेसेज पाठवला की त्यातला एखादा शब्द लागला तर नसेल ना, म्हणून रात्र काढणारी. आई रोज तिलाच बघत आली आहे.

"घरान कवा अशी बसतंस गो तू?" तिने विचारलं.

"जा तू. पन बाबांना संगती ने." एवढं बोलून ती भात बघायला आत गेली.

तेव्हापासून विचार करतेय... निवांत असताना मी कशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. आईलाही नव्हतं. ते आम्ही दोघींनी पहिल्यांदा, शेजारी बसून बघितलं. रस्ता नाही दिसला तरी चालेल.