मी मागं हाय

आधीच सांगून टाकते, मी दाराला लिंबू-मिरची बांधणारी बाई नाही. सोलापुरात सात रस्त्याला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकं असले किस्से सांगायला लागली की मी मशीन जोरात चालवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलंय ते घडलंय.

आमचे हे एसटीत मेकॅनिक, मूळचे सांगोल्याकडचे. रिटायर झाल्यावर एका ग्रुपबरोबर त्यांनी नवीनच खूळ काढलं. जेऊरपासून सांगोल्यापर्यंत मेंढरं न्यायची जुनी पायवाट आहे, ती जपायची. दर रविवारी एकेक टप्पा चालायचा, वेड्या बाभळी तोडायच्या, कडेच्या दगडांवर चुन्याचे ठिपके द्यायचे. आता पुण्या-मुंबईची माणसं सॅक लावून ती अख्खी वाट चालायला येतात. रविवारी घरी एकटी बसून काय करू, म्हणून मीही जायला लागले.

ग्रुपचा एक नियम आहे. सगळ्यात शेवटी चालणारा माणूस म्हणजे 'शेपूट'. वळण आलं की शेपटाची हाक ऐकल्याशिवाय पुढच्यांनी हलायचं नाही. शेपूट कायम हेच, आणि हाकही ठरलेली – "चला, मी मागं हाय." त्यांच्या पुढे मी असायचे. मी न वळता म्हणायचे, "या मग." त्या 'हाय'वरून मी त्यांना लग्न झाल्यापासून चिडवत आले. "अहो, आहे म्हणा की," म्हटलं की मुद्दाम आणखी लांबवायचे.

ते गेले. पेपरात छापून आलं, 'त्यांच्या मागे पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे.' मला इतका राग आला ना... जो माणूस जन्मभर माझ्या मागे चालला, त्याच्या मागे मला नेऊन ठेवलं ह्या लोकांनी.

पुढच्या थंडीत ग्रुपची मेघा दुकानात आली. सांगोल्याच्या अलीकडचा माळ तानाजीराव नावाच्या माणसानं डाळिंब लावायला विकत घेतला होता, आणि आता तारेचं कुंपण घालणार होता. हे आजारी पडल्यापासून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. ह्यांनी शेवटचे ठिपके दिले ते तिथलेच, आणि त्या दिवशी बरोबर मी एकटीच होते. "काकू, चला. तिथली वाट तुम्हालाच माहिती," मेघा म्हणाली.

गेलो तर कमरेएवढं गवत. तानाजीराव काही वाईट माणूस नव्हता, चहा पाजला त्यानं. पण मेघानं मोबाइलमधला ढोबळ नकाशा दाखवला तर म्हणाला, "मोबाइल म्हंजे काय सातबारा हाय का, ताई? जमिनीवर दावा. जितनं वाट जाती तेवढी जागा सोडतो की. न्हायतर उद्या तार वढणार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय डोंबल ठाऊक? मागे हे आहेत म्हटल्यावर मी आपली बडबडत चालायची, वाट कोण बघतंय. पण ही वाट गेली तर ह्यांच्या हातचं शेवटचं काम गेलं, एवढंच डोक्यात होतं. ग्रुपला कडुलिंबाखाली थांबवलं आणि भर उन्हात गवतात शिरले.

थोडं गेल्यावर एका तरवडाच्या झुडपापाशी अडले. डावीकडे की उजवीकडे? उजवीकडे गेले. मन काही घेईना. परत फिरले, डावीकडे वळले –

"चला, मी मागं हाय."

"या मग," मी म्हणाले. सवयीनं. दोन पावलं पुढे गेले आणि मग पाय थांबले.

अंगावर काटा वगैरे काही आला नाही. आलं ते रडू. मागे बघितलं नाही मी. वळले आणि कोणी नसलं तर? त्यापेक्षा चालत राहिले, आणि तोंड सुटलं माझं. इतके दिवस कुठे होता, मुलगी किती रडली, तुमचा चष्मा अजून मशीनवरच ठेवलाय... सगळं बोलून घेतलं. चुकीच्या बाजूला वळले की मागे शांत. बरोबर वळले की हाक.

माळाच्या कडेला पायाला ठेच लागली. गवत बाजूला केलं तर दगड, त्यावर चुन्याचा फिकट ठिपका. मग ग्रुपनं मी चालले त्या रेषेत गवत कापत आणलं, आणि एकेक दगड निघत गेला.

तानाजीराव माझ्यापाशी आला. मी गवतात असताना तो माळाच्या कडेकडेनं येत होता. "ताई, चालताना कुणासंगं बोलत व्हता?"

"आमच्या ह्यांच्याशी." म्हटलं, आता हसेल.

त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "व्हय... तरीच. आवाज दोन येत व्हते."

दुसऱ्या दिवशी त्यानं तार ओढली, पण वाटेपुरती जागा सोडून.

मेघा म्हणते, पायांना वाट आठवत असते, बाकी मनाचे खेळ. असेलही. मग तानाजीरावाच्या कानांचं काय? त्याला तर हे कधी भेटलेही नव्हते. 

हल्ली ग्रुपचं शेपूट मी आहे. वळण आलं की हाक देते, "चला, मी मागं हाय." 'हाय'च म्हणते. पुढचे निघतात. नियमाप्रमाणे माझ्या मागे कोणी नसतं. तरी मी जराशी थांबते, आणि न वळता हळूच म्हणते, "या मग."