दसऱ्याला इंजिन गप्प होतं

मावळातल्या कान्हे गावात सोपान आबांच्या घरी पावसाळाभर एक जुना तवा वेगळा काढलेला असे. चुलीशी बसताना त्यांची बायको धोंडाबाई आधी विचारायची, "आज माझ्या भाकरी का तुमचं मणी?"

मणी हवेतली ओल शोषणारे, साबुदाण्याएवढे. कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. लोणावळ्यापलीकडच्या पठारावर एक खासगी धावपट्टी आहे. तिथल्या शेडमध्ये तुंगार्लीच्या राजेश्वरीबाईंचं छोटं विमान उभं असे. धुकं शेडच्या आत शिरायचं, पत्र्यावरून ठिबकायचं. म्हणून पावसाळा लागला की आबा इंजिनाचे स्पार्क प्लग काढून त्या जागी मणी भरलेल्या पारदर्शक नळ्या बसवत, बाकीची सगळी तोंडं बंद करत. नळ्या गुलाबी झाल्या की मणी घरी आणायचे आणि मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतायचे.

"उन्हाळ्यात कुरडया, पावसाळ्यात मणी," धोंडाबाई म्हणायची. "वाळवणातच जन्म गेला माझा."

आबा मूळचे ट्रॅक्टरचे फिटर. बाईंच्या यजमानांनी, साहेबांनी, त्यांना विमानाचं काम शिकवलं. साहेबांच्या काळातला दसरा आबांच्या डोळ्यांपुढून जात नसे. विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ, पुढ्यात नारळ, आणि पूजा झाली की माळ उतरवून साहेब विमान वर न्यायचे. एका दसऱ्याला त्यांनी आबांना शेजारी बसवलं होतं. पवनेचं पाणी, भाताची पिवळी खाचरं, आणि कान्ह्यात आपल्याच अंगणातल्या दोरीवरचं हिरवं लुगडं. आबांनी ते ओळखलं आणि वरूनच हाक मारली होती.

साहेब गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला उडवणारं कुणी नव्हतं. पण पूजेला यंत्र चालू करायचं, ही सगळ्या मावळची रीत. बाई आणि आबा, दोघांनी मिळून पाच मिनिटं इंजिन चालवलं आणि डोळे पुसले. जमिनीवर तेवढ्यात तेल पुरतं तापत नाही. इंजिनात तयार झालेली वाफ तेलातच मुरते. पुढे उघडून पाहिलं तर तेलाच्या झाकणाला आतून पांढरी साय, प्लगवर काजळी, सिलिंडरला तांबूस गंज. दुरुस्तीत वर्ष गेलं. तेव्हापासून आबांचा नेम ठरला: उडणार असेल तर चालू करायचं, नाहीतर हात लावायचा नाही.

यंदा बाईंनी विमान विकायचं ठरवलं. एका फ्लाइंग स्कूलची अट होती, दसऱ्यानंतर सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून बघू. आत स्वच्छ असेल तर उडवत नेऊ. गंज असेल तर पंख काढून ट्रकवर. पंख काढलेलं विमान घाट उतरताना आबांना स्वप्नातसुद्धा बघवत नव्हतं.

दसऱ्याला बाई भाच्याला, सत्यमला, घेऊन आल्या. नारळ फुटला. बाई पंख्याच्या माळेकडे बघत म्हणाल्या, "सोपानराव, एकदा चालू करा. शेवटचं."

"न्हाई बाई."

"आबा, आज रिक्षावालेसुद्धा गाडी चालू करतात," सत्यम म्हणाला. "विमानानं काय पाप केलंय?"

"रिक्षा लोणावळ्याला जाऊन येती. ह्ये कुटं जानार?"

"मला माहीत आहे सगळं," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही आणि मीच बिघडवलं. तरी म्हणतेय. तो आवाज परत कुठे ऐकणार मी?"

आबांचा हात नकळत नळीपाशी गेला. एक प्लग बसवला की दुसरा, मग तिसरा. त्यांनाही ऐकायचा होताच की! त्यांनी हात मागे घेतला. "रागवा तुमी. पर ट्रकवर बघवनार न्हाई मला."

बाई प्रसाद न घेताच गाडीत जाऊन बसल्या.

"बाईंना न्हाई म्हनलात?" घरी धोंडाबाईनं डोळे मोठे केले. "मला कदी न्हाई म्हनला न्हाईत."

"तू कदी इंजिन मागितलं न्हाईस."

त्या रात्री आबा धड जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात फ्लाइंग स्कूलच्या इंजिनीअर ज्योत्स्नाताई आल्या. त्यांनी कॅमेरा आत सोडला तेव्हा आबा शेडबाहेर उभे राहून स्वच्छच हात पुसत होते.

"आबा, या की! बघा!"

पडद्यावर सिलिंडरची भिंत घासलेल्या डब्यासारखी चमकत होती. आबा वळले आणि प्लगची पेटी उघडू लागले. 

प्लग बसले, तेल बदललं, परवाने झाले. विमान निघायच्या सकाळी बाईही आल्या, पण आबांशी न बोलता लांब उभ्या राहिल्या. इंजिन चालू झालं. पट्टीवरचं गवत आडवं झालं. विमान धावलं, उचललं गेलं आणि भुशीच्या डोंगरावरून वळून दिसेनासं झालं.

बऱ्याच वेळानं बाई जवळ आल्या.

"सोपानराव, आवाजासाठी आले आणि नुसती बघतच राहिले. कानांना काही कळलंच नाही. कसा होता हो?"

"आदी जरा खोकलं. मंग लागलं झकास."

"खोकलं? यांच्या वेळी खोकायचं?"

"रोज! सायेब म्हनायचं, म्हातारं झालंय, खोकू द्या त्याला."

बाईंना हसू फुटलं. "हे कधी बोलले नाहीत मला." गाडीचं दार उघडून त्या आत सरकल्या. "बसा. कान्ह्याला सोडते तुम्हाला. आणखी काय काय म्हणायचे, ते सांगा."