मोकळ्या कपाळांचा शनिवार

"पटलं का?" असं विचारून काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. नुसत्या होकाराने त्यांचं समाधान होत नसे. "मान हलवू नका. पटलं नसेल तर भांडा माझ्याशी. सिटिझन व्हायचंय ना?" समोर बसलेल्या बहुतेक बायका साठीच्या पुढच्या, जन्मभर मान हलवूनच संसार केलेल्या. त्या आणखी जोरात मान हलवायच्या.

काका अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात, आमच्या मागच्या रस्त्यावर राहायचे. मूळचे नगरकडचे, केमिकल इंजिनियर, रिटायर झालेले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलांकडे ग्रीन कार्डावर येऊन राहिलेल्या आईवडिलांना ते नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शिकवायचे. दर शनिवारी सकाळी, फुकट, त्यांच्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. माझी आई त्यांची विद्यार्थिनी, आणि तिला सोडायला-आणायला मी. परदेशातल्या प्रत्येक मराठी वस्तीत असा एक काका असतोच, तुम्हीही पाहिला असेल. आमचा जरा निराळा होता.

काका ख्रिस्ती होते आणि हे आपल्या लोकांना पचायला वेळ लागायचा. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास म्हणायचं, "अय्या, मराठी किती छान बोलता हो!" मग पुढचा प्रश्न ठरलेला, "कन्व्हर्ट कधी झालात?" काका अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "पणजोबांना विचारून कळवतो."

नाताळात ते स्वतः करंज्या तळायचे, काकूंच्या कृतीने. अर्धा डबा आमच्याकडे यायचा, अर्धा चर्चमध्ये कॉफीच्या टेबलावर जायचा. चर्चमध्ये ते इंडियन, मंडळात ख्रिश्चन. "दोन्हीकडे पाहुणा, म्हणून दोन्हीकडे खायला मिळतं," असं ते हसून म्हणायचे. मला काही ते ऐकून हसू येत नसे.

पण खरं सांगायचं तर चर्च हे त्यांचं घर होतं. काकूंना शेवटचा निरोप त्यांनी तिथूनच दिला होता. दर रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी पीत ते तासभर रेंगाळायचे, आणि त्यांच्याबरोबर चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष. उंच, पांढऱ्या मिशांचे गोरे गृहस्थ. दोघांची चांगली गट्टी होती. करंजीला अध्यक्ष ॲपल पायसारखं 'इंडियन पाय' म्हणायचे आणि काका दर वर्षी नव्याने त्यांना ओरडायचे.

देशाच्या अडीचशेव्या वाढदिवसाची तयारी सुरू झाली, तेव्हा या अध्यक्षांनी हौसेने हॉलच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड लावला: 'हा देश ख्रिस्ती श्रद्धेवर उभा राहिला.' आईने त्याचा फोटो काढून आणला आणि मला अर्थ विचारला. मी सांगितला आणि कामाला लागले.

पुढच्या शनिवारी काका हॉलच्या दारातच थबकले. ओळीने बसलेल्या सगळ्या बायकांची कपाळं मोकळी होती. टिकली नाही, मंगळसूत्रं स्वेटरच्या आत. काकांचा चेहरा उतरला. ते आईजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, काय झालं हो? भाऊसाहेब बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय? घरी मटार सोलतायत," आई म्हणाली. "अहो, हा तुमच्या लोकांचा देश ना, तिथे बोर्डवर लिहिलंय. म्हटलं, इंटरव्ह्यूला साहेब नाराज नको व्हायला. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, आत्तापासून सवय केलेली बरी."

मला हसू फुटलं. काकांना नाही. "तुमचे लोक" हा शब्द त्यांना लागला असावा. ते तसेच जिना चढून वर ऑफिसात अध्यक्षांकडे बोर्डाबद्दल बोलायला गेले. मीही मागोमाग गेले.

"बोर्डवर काही खोटं लिहिलंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. श्रद्धा होतीच," काका म्हणाले. "स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात निर्मात्याचा उल्लेख आहे, तो मीच शिकवतो. पण कितीतरी लोक ख्रिस्ती राजांच्याच जाचाला कंटाळून इकडे आले. म्हणून तर पुढे सरकारला कुठलाच धर्म द्यायचा नाही असं ठरलं. हेही आपल्याच लोकांनी ठरवलं. तेही लिही की खाली."

"बोर्डवर तेवढी जागा नाही."

"मग माझ्या वर्गालाही इथे जागा नाही."

दोघेही हट्टी. वर्ग आमच्या गराजमध्ये आला. बाबांनी गाडी बाहेर काढली, घडीच्या खुर्च्या मांडल्या आणि काकांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना घरी पाठवून टिकल्या लावून यायला सांगितलं. आई म्हणाली, असा मास्तर बघितला नाही.

चर्च मात्र त्यांनी सोडलं नाही. तिथे लोक आता जपून बोलायचे, अध्यक्ष तर बोलायचेच नाहीत. एकदा मी न राहवून म्हणाले, "काका, राग नाही येत? दुसरं चर्च शोधा ना, रूट वन हायवेवर ढीगभर आहेत."

"राग येतो की. रागावूनच जातो," ते म्हणाले. "देवाशी माझं भांडण नाही गं. फक्त कॉफीला थांबत नाही." मग म्हणाले, "कॉफीचंच वाईट वाटतं." असं काही ते कधी बोलत नसत.

ते गेले तेही अचानक, झोपेत. आईचा इंटरव्ह्यू अगदी तोंडावर आला होता. "आता माझी तयारी कोण घेणार?" असं म्हणून ती रडली, आणि आपण स्वतःसाठी रडतोय म्हणून पुन्हा रडली.

काकांना निरोप दिल्यानंतरचा पहिला शनिवार. सवयीने सगळ्या जणी आमच्या गराजमध्ये येऊन बसल्या. समोरची खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात दारात चर्चचे अध्यक्ष येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन. "या वर्गाला आता कोणी शिक्षक आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणाले. ते खुर्चीवर बसले, परीक्षेचे प्रश्न हातात घेतले आणि आईला पहिला प्रश्न विचारला. धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय?

"एनी रिलिजन यू कॅन डू," आई ताठ बसून म्हणाली. "ऑर नो रिलिजन ऑल्सो."

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "त्याने तुम्हाला चांगलं शिकवलंय."

"येस, येस," आई म्हणाली. "ही वॉज व्हेरी गुड ख्रिश्चन, नो? दॅट इज व्हाय."

तिच्या मनात त्या बोर्डाचं भांडण होतं की नव्हतं, कोण जाणे. अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला, आणि पुढचा प्रश्न विचारायला त्यांना बराच वेळ लागला.