तेवढा सूर तोंडाने

विश्राम गेल्याचं हसनभाई सांगायला आला तेव्हा मी मोरीत बांगडे साफ करत बसलो होतो. तो दारातूनच म्हणाला, "चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत थांबला नाय बघ." मी हातातला बांगडा पुरा साफ केला, मगच उठलो. बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा दगड आहे. वाटू दे...

मिरकरवाड्याला बंदराच्या कडेला विश्रामचं खोपट होतं, ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचं. आत पान्यांच्या रांगेत एका खिळ्यावर गिटार. तरुणपणी मुंबईच्या गोदीत कामाला होता, तिथून दोन गोष्टी घेऊन आला, गिटार आणि विडी. विडी पुढे सुटली. संध्याकाळी कामं आटोपली की आम्ही तिघं बसायचो. मी जाळी विणणारा, हसनभाई बर्फाच्या कारखान्यातला. मी डिझेलच्या रिकाम्या डब्यावर ताल धरायचो, हसनभाई गायचा, म्हणजे ओरडायचा. विश्रामही काही मोठा वाजवणारा नव्हता, खोटं कशाला सांगू? पण त्याचं अडायचं नाही. खाऱ्या हवेत तारा गंजायच्या. एकदा तुटलेली तार मिळेना, तर गड्याने मासे धरायचा तंगूस, नायलॉनचा दोरा, लावला. असा आवाज निघाला की हसनभाई म्हणाला, "विश्राम, मासा लागलाय वाटतं, ओढ!"

पुढे इंजिनाच्या पट्ट्यात त्याचं डाव्या हाताचं बोट गेलं, करंगळीच्या शेजारचं. आम्ही म्हटलं, संपलं आता वाजवणं. जखम भरल्याबरोबर त्याने गिटार खाली काढली. त्याची स्वतःची एक चाल होती, बिनशब्दांची, ट्रॉलर बंदरात शिरताना हलतो तशी हलणारी. त्या चालीत एक जागा अशी यायची की तिथे तेच बोट लागायचं. तिथे आला, थांबला आणि आम्हाला म्हणाला, "माझ्याच्यानं हे होणार नाय. तेवढा सूर तुम्ही तोंडाने काढा." तेव्हापासून ती जागा आली की हसनभाई आणि मी "आऽ" करायचो आणि विश्राम पुढे जायचा. गेलेल्या बोटाबद्दल तो कधी रडला नाही. उरलेल्या बोटांना जोडीला माणसं घेतली, बस.

माझी बायको गेली तेव्हा मी बसायला जायचं सोडलं, घरात चूलही पेटवत नव्हतो. जो तो येऊन समजूत घालून जायचा. विश्राम आला तो गिटार घेऊन. पडवीत बसला आणि चाल सुरू केली. ती जागा आली तसा हात तारांवर तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मी मान फिरवली. शेवटी म्हणाला, "तो सूर माझ्याकडे नाय रे, तुझ्याकडे हाय. तो दे, मग काय रडायचं ते रड." दिला मी... आणि मग रडलोही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा डब्यावर बसायला लागलो. मला पुन्हा चूल पेटवायला त्या माणसाने लावलं, हे मी कुणापुढेही सांगेन.

विश्रामचे दिवस झाल्यावर त्याची मुलगी माया पुण्याहून खोपटात आली, तेव्हा हसनभाई आणि मी तिथेच बसलो होतो. म्हणाली, "काका, बाबांची गिटार मी नेते." मी म्हटलं, "ने बाय, तुझीच ती." तोंडाने म्हटलं खरं, पण... गिटार गेली तर आम्ही कशासाठी बसायचं? घरी माझी वाट बघणारं कोण आहे?

माया बापाच्या स्टुलावर बसली आणि तीच चाल वाजवायला लागली. बापानेच शिकवलेली, आणि हिची बोटं सगळी शाबूत. ती जागा आली, तिचं बोट बरोबर पडलं, तार स्वच्छ बोलली, आणि त्याच वेळी आमची दोन तोंडं उघडली. सगळा गोंधळ झाला. हसनभाई ओशाळला, "सवय गं पोरी..." मायाने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला त्या जागेवर तिने बोट उचललं आणि आमच्याकडे बघितलं. आम्ही सूर दिला.

झाल्यावर उठली आणि गिटार खिळ्याला अडकवली. "राहू दे इथेच," म्हणाली. "मी येईन तेव्हा वाजवीन."

अजून आम्ही दोघं बसतो. गिटार आम्हाला येत नाही, ती खिळ्यावरच असते. मी डब्यावर ताल धरतो, चाल मनात चालू असते. ती जागा आली की दोघं एकदम "आऽ" करतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटत असेल, हे म्हातारे मध्येच काय ओरडतात. पण आमची जागा अजून एकदाही चुकलेली नाही.