डोमाभाऊंचा खोकला

सागाच्या वाळक्या पानावर पाय पडावा, तसा तो आवाज होता. आधी कोरडी चरचर, मग एक ठसका, आणि शेवटी घशातच विरून जाणारा खर्ज. चंद्रपुरात खोकल्याचं कौतुक नाही. कोळशाच्या धुळीनं तो घरोघरी कुटुंबीयासारखा नांदतो. तरी डोमाभाऊंचा खोकला मला शंभरांत ओळखू येई. तो कानी पडला की मी हातातलं पुस्तक मिटून ठेवत असे, कारण आता आमच्या परसामागच्या शेडमध्ये बँड वाजू लागणार हे ठरलेलं असे.

डोमाभाऊ दिवसा पत्र्याच्या पेट्या ठोकत आणि लग्नसराईत क्लॅरोनेट वाजवत. त्यांच्या बँडमध्ये आठ-नऊ माणसं होती; काही बौद्ध घरांतली, काही मुसलमान. मास्तर मात्र नव्हता. बँड म्हटला की पुढे मास्तर हवाच. त्याच्या डोक्यावर लाल मखमली टोपी, टोपीला सोनेरी झालर, झालरीवर तुरा. डोमाभाऊंकडे तशी टोपी होती, पण ती त्यांनी हातगाडीवरच्या भोंग्यावर चढवली होती. "मोठ्यानं वराडते तोच मास्तर होते ना? मंग ह्याच्याइतका लायक कोणी नाई," असं ते सांगत, आणि वाजवण्यापूर्वी भोंग्याला रीतसर सलाम ठोकत.

त्यांची राजनीती एवढीच होती, पण तिच्यात पळवाट नव्हती. ते सर्वांना 'तुमी' म्हणत. शेडमधल्या लंगड्या कुत्र्यालाही म्हणत, "तुमी जरा सरका, ढोल ठेवाचा हाय." प्रचाराच्या मिरवणुकीचं बोलावणं आलं, की त्या पुढाऱ्याला ते कौतुकानं न्याहाळत आणि विचारत, "मिरवणुकीत सगळ्यात समोर कोण चालते?" तो म्हणे, बँड. "मंग तुमी आमच्या मागं मागं येनार. अन् पुढारी म्हनून घेनार?" असं म्हणून ते पुन्हा पत्रा ठोकू लागत.

त्या बँडमध्ये मी शिरले ती कविता शिकवून शिकवून कंटाळल्यावर. महाविद्यालयात मी वृत्तं शिकवते; लघु-गुरू मोजण्यात माझी हयात गेली. एका संध्याकाळी, मोहाच्या फुलांचा आंबूस-गोड वास परसात दाटला असताना, मी शेडच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "डोमाभाऊ, मी येऊ का बँडमध्ये?"

"मले काऊन विचारता, बाई? मी कोण?"

मग मी ढोलवाल्या हबीबचाचांना विचारलं. ते म्हणाले, "मी बी कोण?" ट्रंपेटवाल्याला विचारलं, तोही कोणीच नव्हता. अशा रीतीनं नकार देण्याचा अधिकार कोणालाच नसल्यामुळे माझी निवड झाली. माझ्या हाती खुळखुळे आले. लग्नाच्या बँडमध्ये याहून हलकं वाद्य नसतं, आणि त्या बँडमध्ये वरिष्ठ-कनिष्ठ काही नसल्यामुळे ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही.

पहिल्याच दिवशी माझी मात्रा चुकेल या भीतीनं मी हात अंगाशी आवळून उभी होते. डोमाभाऊ जवळ आले. "बाई, बरोबर वाजवाले मास्तर पुरते. तो बोट दाखवते, आपन वाजवाचं. पण चुकाले हिंमत लागते, अन् ते ज्याची त्यालेच आना लागते." मी हसले आणि न चुकण्याची आणखी काळजी घेऊ लागले. वृत्तं शिकवणाऱ्या बाईकडून दुसरी काय अपेक्षा करायची?

एकदा गडचिरोलीकडे लग्नाला जाताना रस्त्यावरच्या नाक्यावर आमची गाडी थांबवली गेली. बंदोबस्तावरच्या साहेबांनी विचारलं, "तुमचा म्होरक्या कोण?" सगळ्यांनी एकमतानं भोंग्यावरच्या टोपीकडे बोट दाखवलं. साहेबांचा चेहरा गंभीर झाला. "म्होरक्या नसलेली टोळी मी आजवर पाहिली नाही. जंगलातल्यांचाही असतो."

"म्हनून तं आमी बँडात हाओ, साहेब," डोमाभाऊ नम्रपणे म्हणाले. साहेबांनी विचार केला, मग एक धून वाजवायला सांगितली. डोमाभाऊ खोकले, आम्ही वाजवलं, आणि साहेबांच्या बुटाचं टोक नकळत हलू लागलं.

"गाणं सुरू कोण करतो?" असं मी एकदा विचारलं होतं. डोमाभाऊंनी वर मोहाच्या फांदीकडे पाहिलं. "मोहाले कोणी हुकूम देते का, बाई? फूल पिकलं का आपसूक गळते. गाणं तसंच." मला हे इतकं आवडलं, की मी ते वर्गातही सांगितलं.

या सुंदर तत्त्वज्ञानाचा घात एका औषधाच्या बाटलीनं केला. डोमाभाऊंची लेक गडचिरोलीच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिनं धाडलेल्या त्या काळ्या, कडू, लवंगेच्या वासाच्या औषधानं त्यांचा खोकला मुळासकट गेला. दुसऱ्याच संध्याकाळी वरोऱ्याला लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसला, वऱ्हाडी नाचायला कंबर कसून उभे राहिले, डोमाभाऊंनी क्लॅरोनेट ओठांशी नेलं आणि आम्ही सगळे थांबलो. थांबूनच राहिलो. घोड्यानं मान हलवली, त्याचे घुंगरू तेवढे वाजले.

नवरदेवाचा मामा ओरडला, "अबे, वाजवा ना! काऊन मौन पाळून राह्यले? मास्तर कुठी हाय तुमचा?"

सवयीनं सगळ्यांची बोटं भोंग्याकडे गेली, पण नजरा डोमाभाऊंवर खिळल्या होत्या.

"माह्याकडे काऊन पाहून राह्यले?" ते म्हणाले.

हबीबचाचा अवघडून म्हणाले, "भाऊ, तुमी खोकलेच नाई."

त्या क्षणी मला ते सारं ऐकू आलं: परसामागची प्रत्येक संध्याकाळ, तो नाका, गळणारा मोह. खोकल्यावर सुरू करायचं हे कधी कोणी ठरवलं नव्हतं, आमच्या हातांना मात्र ठाऊक होतं. डोमाभाऊंचा चेहरा पेटीच्या पत्र्यासारखा करडा पडला. त्यांनी खोटा खोकला काढला, वरात मार्गी लावली, आणि परतताना भोंग्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली. "म्हंजे इतकी वर्सं मास्तर मीच होतो," ते तिच्या तुऱ्यावर बोट फिरवत म्हणाले. "अन् सलाम ह्याले ठोकत होतो."

पुढचा आठवडा त्यांनी सत्ता मोडण्यात घालवला. ते गाण्याच्या मध्येच मुद्दाम खोकत. बँड थबके, पुन्हा खोकत, बँड पुन्हा धावू लागे. मग त्यांनी शेडमध्ये येणंच सोडलं. हबीबचाचांनी 'एक-दोन-तीन' म्हणून सुरुवात करण्याचा तोडगा काढला, पण आकडे कोणी मोजायचे यावर भांडण जुंपलं आणि निवाड्यासाठी सगळे डोमाभाऊंच्याच दारी गेले.

"हेच विचाराले आले?" ते दारातून म्हणाले. "मी इथी राह्यलो तं तुमी माह्या श्वासाचीही वाट पाहान." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "बाई, बँड माह्याबिगर सुरू झाला तं मी खरा. नाई झाला, तं मी जलमभर दुसरं काई नाई, फक्त मास्तर होतो." ते गडचिरोलीला लेकीकडे कायमचे निघाले.

बसस्थानकावर आम्ही पूर्ण गणवेशात निरोपाला गेलो. डिझेलचा धूर, तापलेलं डांबर, भजीचं तेल. लाल बसच्या खिडकीत डोमाभाऊ बसले होते. आम्ही वाद्यं उचलली आणि अर्थातच सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो. त्या धुरात, नेमक्या त्याच घटकेला, त्यांचा गेलेला खोकला परत आला. मला तो त्यांच्या छातीत चढताना दिसला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबला. खांदे हलले, डोळे पाण्यानं भरले, चेहरा मखमली टोपीसारखा लाल झाला, पण त्यांनी तो खोकला बाहेर येऊ दिला नाही. इंजिन सुरू झालं. ट्रंपेट ओठांवर ताटकळत होतं, ढोलावरची काठी हवेतच होती. कोणीही कोणी नव्हतं.

बस सरकली आणि माझा हात हलला. कोणती मात्रा, कोणतं वृत्त, काही नाही. खुळखुळे भलत्याच जागी, भलत्याच जोरात वाजले. लाजेनं माझे कान तापले. तेवढ्यात हबीबचाचांचा ढोल माझ्याशी अजिबात न जुळता कोसळला, आणि ट्रंपेटवाल्यानं तर दुसरंच गाणं धरलं. बसस्थानकावरची कुत्री भुंकू लागली. भजीवाला कढई सोडून बाहेर आला. आम्ही वाजवत बसच्या मागे धावू लागलो.

डोमाभाऊंनी दुपट्टा बाजूला केला, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला पदवी बहाल करावी अशा भरल्या आवाजात मला म्हणाले,

"चुकल्या!"